आधी उपपर्ण, मग पराग

एक्झोराचं फूल उमललं की ते माझ्या कामाचं राहत नाही. या झाडाचे परागकोश कळी मिटलेली असतानाच फुटतात. पराग आतल्या आत कुक्षीवृंताच्या टोकाला लागतात, आणि फूल उघडलं की केसर मागं वळून सुकायला लागतात. मग फुलपाखरं जे न्यायचं ते नेतात आणि माझ्या हाती रिकामे कोश येतात. म्हणून सकाळी सहालाच पिशवीत कागदी पाकिटं, पेन्सिल, चिमटा आणि भिंग टाकून बाहेर पडतो.

कसबा बावड्यात एक्झोरा शोधत हिंडावं लागत नाही. नर्सरीतून आणलेलं लाल नाहीतर पिवळं झाड कुठल्या ना कुठल्या फाटकाशी असतंच. त्यातल्या एका फाटकाशी थांबणं मला भाग आहे, कारण तिथलं झाड माझ्या नोंदवहीत आहे. त्या घरच्या काकी या वेळेला दारात सडा टाकत असतात.

“काय ओ सर, आज बी कळ्याच? चांगली फुलं न्या की.”

“फुलं देवाला असू देत, काकी. मला उद्या उमलणारी कळी पाहिजे.”

“आणि उद्या कंची उमलनार ते आजच कळतंय व्हय?”

कळतं. नळी पुरती लांब झालेली असते, टोक टपोरं होतं आणि चार पाकळ्यांचा पीळ बाहेरूनही स्पष्ट दिसतो. हा पीळसुद्धा नोंदवायचा असतो. एक्झोरात पाकळ्या एकमेकींवर पिळून गुंडाळलेल्या असतात, तर भूतकेसात त्यांच्या कडा फक्त एकमेकींना भिडलेल्या असतात. दोन्ही झाडं कॉफीच्याच कुलातली, रुबिएसीतली. पण कळी उघडण्याआधीच त्यांच्या वाटा वेगळ्या झालेल्या असतात.

साडेसहा-पावणेसातला राजाराम बंधाऱ्याच्या वाटेला लागतो. पावसाळ्यात अख्ख्या कोल्हापूरचे डोळे इथल्या पाणीपातळीवर असतात. पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. सप्टेंबरात पाणी उतरतं, साखर कारखान्याचा हंगाम अजून लांब असतो, आणि उसाच्या बांधावर ज्यांना कुणी तण म्हणूनही नावानं हाक मारत नाही अशी बोटभर झाडं फुललेली असतात. परिपाठ असतो, स्पर्माकोस असतो. दोन्ही रुबिएसी.

हे कुल ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. पानं समोरासमोर हवीत, कडा अखंड हवी, आणि मुख्य म्हणजे दोन देठांच्या मधोमध खोडाला चिकटलेलं उपपर्ण हवं. फांदी आडवी धरून पेरावर बोट फिरवलं की ते हाताला लागतं. एक्झोरात ते त्रिकोणी आणि टोकाला काट्यासारखं. स्पर्माकोसात त्याची वाटी होते आणि कडेला केसांची झालर असते. हेदू, कदंब आणि कळंब या तिघांना गोल चेंडूसारखी फुलं येतात म्हणून लोक त्यांची नावं सर्रास अदलाबदल करतात. पण फांदीचं टोक पाहिलं तर गोंधळ राहत नाही. हेदूची उपपर्णं रुंद, कळीला झाकून बसलेली; कदंबाची निमुळती, टोकदार. कळंबाचं फूल मिळालं तर कुक्षीचा टोपीसारखा आकार पाहून प्रश्नच मिटतो. जगात या कुलाच्या सुमारे १३ हजार जाती आहेत. सपुष्प वनस्पतींत सूर्यफूल, ऑर्किड आणि शेंगावर्गीयांनंतर याचाच नंबर. कॉफी, सिंकोना, मंजिष्ठा, बारतोंडी, अनंत, गेळा अशी नाना तऱ्हांची मंडळी एका नावाखाली आली ती याच उपपर्णाच्या आणि फुलाखाली दडलेल्या अंडाशयाच्या जोरावर.

आठ ते साडेनऊ घरीच असतो. रविवारी मसाई पठारावरून आणलेल्या नमुन्यांचे कागद बदलायचे असतात. पावसाळ्यात हे काम एक दिवस चुकलं तरी पानं काळी पडतात आणि बुरशी येते. घरातल्या ‘पुढारी’च्या रद्दीवर पहिला हक्क माझा, ही गोष्ट आईनं आता मान्य केली आहे. जांभ्याच्या कातळावर पाऊस असेपर्यंत जगणारी, याच कुलातल्या निअनोटिसची रोपटी इतकी नाजूक असतात की दाबाखालून काढताना फुलं कागदालाच चिकटून बसतात. म्हणून दोन-चार कळ्या आधीच वेगळ्या पाकिटात ठेवतो. पाकिटावर जो क्रमांक तोच नमुन्यावर. यात सवलत नाही.

मग लाईन बाजार, कावळा नाका, सायबर चौक. या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. खड्डे आहेत.

साडेदहाला प्रयोगशाळा. पराग थेट काचेवर घेऊन पाहता येतात, पण आतला जीवद्रव्याचा लगदा आणि वरचं तेल यांमुळे भिंतीवरची नक्षी दिसत नाही. गुन्नार एर्टमान या स्वीडिश शास्त्रज्ञानं रूढ केलेली ॲसिटोलिसिसची रीत इथं कामी येते. १९६० मधला त्याचा छोटासा लेख जगभरच्या परागशाळांत आजही पाळला जातो. ॲसिटिक ॲनहायड्राइडचे नऊ भाग, तीव्र गंधकाम्लाचा एक. आम्ल नेहमी ॲनहायड्राइडमध्ये घालायचं, थेंबाथेंबानं, धुराड्याच्या कपाटात, हातमोजे आणि चष्मा घालून. मिश्रणाला पाण्याचा थेंब लागला तर ते उसळतं, म्हणून पराग आधी ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडमध्ये धुऊन पाणी काढलेलं असावं लागतं. नवीन विद्यार्थ्याला मी हे काम पहिल्या महिन्यात करू देत नाही. त्यावरून ते रुसतात. रुसू देत.

नळी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची आणि काचेच्या कांडीनं हलवत राहायचं. सुरुवातीला द्रव गढूळ पिवळा असतो, काही मिनिटांत काकवीच्या रंगावर येतो. तिथं थांबायचं. जास्त वेळ ठेवलं तर कण इतके गडद होतात की भिंतीवरच्या खाचा मोजता येत नाहीत. कमी ठेवलं तर आतला लगदा तसाच. या आम्लात सगळं जळतं, उरते ती स्पोरोपोलेनिनची बाहेरची भिंत. हाच पदार्थ लाखो वर्षांपूर्वीचे पराग गाळात टिकवून ठेवतो. मग सेंट्रिफ्यूज, परत ॲसिडनं धुणं, पाण्यानं धुणं आणि शेवटी ग्लिसरीन जेलीच्या कणावर चिमूटभर गाळ उचलून काचेवर. कडेनं पॅराफिन. जेलीत कण हळूहळू फुगतात, त्यामुळे मोजमाप त्याच आठवड्यात उरकतो. वर्षभरानं मोजलेली आणि आज केलेली काच शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांचे आकडे मी वाचत नाही.

बाराला तिसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक. आज पन्हाळ्याकडून आणलेली मंजिष्ठा. खरखरीत, चौकोनी खोड आणि प्रत्येक पेरावर चार पानांचा फेरा. पानं समोरासमोर असतात हे आत्ताच पाठ केलेल्या पोरांची इथं पंचाईत होते.

“सर, ही तर चार आहेत. मग ही रुबिएसी कशी?”

“चारातली पानं किती?”

“चारही सारखीच दिसतात की.”

“दिसू देत. बगलेत कळी कुठं आहे ते बघ.”

भिंगाखाली पेर फिरवत त्या विद्यार्थिनीनं पाहिलं. समोरासमोरच्या दोन पानांच्याच बगलेत कोंब होते, उरलेल्या दोघांच्या बगला रिकाम्या. ती दोन उपपर्णं, पानांएवढी वाढलेली. याच मंजिष्ठेच्या परागावर नेहमीच्या तीनऐवजी सहा ते आठ लांब खाचा असतात. त्यामुळे मंजिष्ठा आणि तिचे जवळचे भाऊबंद सूक्ष्मदर्शकाखाली लगेच बाजूला काढता येतात. पण मला वर्गात सांगायचं असतं ते एवढंच, की आधी पेर पाहा. परागाकडं जाण्याआधी निम्मं उत्तर तिथं मिळतं.

एक वाजता डबा. प्रयोगशाळेतले मामा चहा आणतात. कॉफीच्या कुलावर काम करणारा माणूस चहा पितो, हा विनोद या खोलीत पुष्कळ जुना झाला आहे.

दोन ते साडेचार सूक्ष्मदर्शक. दिवसाचं खरं काम हे. बांधावरचा परिपाठ आणि पठारावरची निअनोटिस शेजारी ठेवल्या तर नवख्याला दोन्ही एकच वाटतील. बारीक पानं, चार पाकळ्यांची पांढरी-जांभळी फुलं, इवलंसं बोंड. परिपाठाच्या परागावर बहुधा तीन खाचा, क्वचित चार. निअनोटिसचा कण ध्रुवाकडून पाहिला की कडेभोवती पाच ते दहा खाचा मोजता येतात. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या १९०१ ते १९०८ मधल्या वनस्पतिग्रंथात आपल्याकडच्या निअनोटिसच्या झाडांची नोंद अनोटिस या नावाखाली आहे, अमेरिकेतल्या झाडांच्या पंगतीत. वॉल्टर लुईस यांनी १९६६ मध्ये परागकण आणि बिया तपासून आशियातल्या जाती वेगळ्या काढल्या आणि त्यांना निअनोटिस हे नाव दिलं. प्रजातीच्या पातळीवर पराग काय करू शकतो, याचा आपल्या दारातला याहून चांगला दाखला मला माहीत नाही. पठारावर फोटो काढायला येणारे हजारो लोक ज्या गालिच्यावरून चालतात, त्यातल्या एका धाग्याचं नाव परागानं बदललं.

पण हाच पराग एक्झोरा आणि त्याच कुलातला पापट यांच्यासमोर मुका होतो. दोन्हींवर तीन खाचा, दोन्हींवर जाळीची नक्षी, मापंही जवळपास. तिथं परत झाडाकडंच यावं लागतं. पापटाचं पान उजेडासमोर धरलं की काळे ठिपके दिसतात, त्या जिवाणूंच्या गाठी. एक्झोराच्या कुक्षीचे दोन फाटे उमलल्यावर मागं वळतात, पापटाची कुक्षी लांब, बहुतेक न फाटलेली. पान आणि फूल हाती असताना नुसत्या परागावरून जात ठरवल्याचा दावा कुणी केला, तर मी आधी काच मागतो आणि मग झाड.

मापांचंही असंच. आजच्या ट्रेमध्ये पेंटासच्या दोन काचा आहेत. नर्सरीत मिळणारं हे गुलाबी-लाल फुलांचं झाड. एका झाडाच्या सगळ्या फुलांत कुक्षीवृंत लांब आणि केसर आत. शेजारच्या झाडात उलटं, केसर वर आणि कुक्षीवृंत आखूड. जात एकच. आखूड कुक्षीवृंताच्या फुलांतले पराग मात्र मोठे. डार्विननं १८७७ च्या पुस्तकात अशी द्विरूप फुलं सर्वांत जास्त प्रजातींत याच कुलात आढळतात असं नोंदवलं होतं. एकाच झाडावरून कळ्या आणून ऑक्युलरच्या पट्टीवर ध्रुव अक्ष आणि विषुव व्यास मोजणारा मायक्रॉनच्या दोन घरांपर्यंत अचूक असेल, पण त्याचा निष्कर्ष अर्ध्या जातीचा. म्हणून माझ्या तक्त्यात मापाच्या शेजारी एक रकाना आहे: कुक्षीवृंत लांब की आखूड. प्रकाशित तक्त्यांत हा रकाना फार कमी वेळा दिसतो.

पाचला विद्यापीठ. वनस्पतिशास्त्र विभागाच्या संग्रहात जुने नमुने काढून आजच्या पाकिटांशी ताडून पाहतो. श्रीरंग यादव आणि मिलिंद सरदेसाई यांचा ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ २००२ मध्ये निघाला. जिल्ह्यात काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या टेबलावर तो असतो, पानं सुटलेल्या अवस्थेत. आता डीएनएच्या तपासणीनं परिपाठाची ओल्डनलँडिया ही जुनी, ऐसपैस प्रजाती एकसंध नसल्याचं दाखवलं आहे आणि परिपाठाच्या नातेवाइकांची वाटणी नव्यानं चालू आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. रेणूंनी आखलेल्या गटाला झाडावर दिसेल अशी खूण लागतेच. बांधावर उभं राहून कुणी डीएनएचा क्रम वाचत नाही.

रात्री नऊनंतर बावड्यात नोंदवही. क्रमांक, जागा, तारीख, उपपर्णाचा आकार, कळीतली पाकळ्यांची रचना, खाचा, माप. काचेवरचं लेबल आणि कपाटातला वाळवलेला नमुना यांचा क्रमांक जुळत नसेल तर ती काच मी फेकून देतो, कण कितीही देखणे असले तरी.

एक रकाना मात्र अजून अपुरा आहे. अनंताचे पराग चार-चारच्या जुडीत असतात आणि ॲसिटोलिसिसनंतरही सुटत नाहीत. मला ते वेगवेगळ्या झाडांवरून पाहायचे आहेत. पण आपल्या परड्यांतला अनंत बहुतेक दुहेरी फुलांचा, आणि त्यात केसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. बावड्यात, शिये-वडणग्याकडं किंवा कोल्हापुरात कुठंही तुमच्या दारी एकेरी, सहा पाकळ्यांचा अनंत असेल तर पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जरूर कळवा. फूल तोडून आणू नका. उमलायच्या आदल्या संध्याकाळची कळी हवी, आणि तिच्यासोबत दोन पानांचं एक अख्खं पेर, उपपर्णासकट.