जबाबदारी परिचारिकेची, अधिकार कोणाचा?

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे गाव शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी दूरवर ठाऊक आहे. दौंड-नगर रस्त्यावरील आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरील या गावी बाजारादिवशी माणसांची रीघ लागते. भोवतालचा मुलूख घोड आणि कुकडीच्या पाण्यावर पोसलेला. त्यामुळे गळिताच्या हंगामात ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या रानोमाळ उभ्या राहतात. अशा परिसरात रात्री-अपरात्री दुखणे उद्भवले, म्हणजे सरकारी आरोग्यव्यवस्थेत रुग्णाची पहिली गाठ पडते ती बहुधा डॉक्टरांशी नव्हे, तर परिचारिकेशी. शासनाच्या निकषानुसार ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावयास हवे. केंद्राचे वैद्यकीय अधिकारी कधी शवविच्छेदनाला, कधी जिल्ह्याच्या बैठकीला, तर कधी न्यायालयात साक्षीला गेलेले असतात. परिचारिका मात्र जागेवर असते आणि निर्णयाचा क्षण तिच्याच पुढ्यात येऊन उभा राहतो.

तो क्षण कसा असतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट व्हावे. दिवस भरत आलेल्या ऊसतोड कामगार स्त्रीच्या अंगावर सूज आहे, डोके ठणकते आहे आणि आता तिला झटके येऊ लागले आहेत. मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर आई आणि मूल दोघेही वाचण्याची शक्यता वाढते. पुढच्या रुग्णालयात पाठविण्यापूर्वी या औषधाचा पहिला डोस देण्याची मुभा प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविकांना केंद्र शासनाच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांनीच दिलेली आहे. म्हणजे कागदावर अधिकार आहे, कपाटात औषध असावे अशी अपेक्षा आहे आणि हातात कौशल्यही आहे. तरीही हात थबकतो. कारण हिशेब सरळ आहे. औषध देऊन रुग्ण दगावली तर ‘कोणाला विचारून दिले?’ असा प्रश्न पहिला येतो. न देता पुढे धाडली आणि ती वाटेत दगावली, तर परिचारिकेला कोणी काही विचारत नाही. ज्या व्यवस्थेत काही न करणे हेच सर्वांत सुरक्षित ठरते, त्या व्यवस्थेने परिचारिकांच्या आत्मविश्वासाच्या अभावाबद्दल तक्रार करावी, हे मोठे विचित्र आहे.

आत्मविश्वास वाढविण्याचा मार्ग म्हणून अलीकडे व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे भरविण्याची टूम निघाली आहे. त्यात वाईट काही नाही. परंतु जिची अडचण स्वभावाची नसून अधिकाराची आहे, तिला ताठ उभे कसे राहावे हे शिकवून काय साधणार? सरकारदप्तरी तिला ‘अधिपरिचारिका’ म्हणतात. या शब्दातला ‘अधि’ तेवढा तिच्या वाट्याला आला, ‘कार’ मात्र दुसऱ्यांकडेच राहिला.

याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात ६ नोव्हेंबर २०२१ रोजी जे घडले, त्याचा विसर परिचारिकांना पडलेला नाही. तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा कोविड रुग्णांचा त्याच दिवशी अंत झाला. काही दिवसांतच एका डॉक्टर महिलेसह तीन परिचारिकांना अटक झाली. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा अर्भके दगावली होती. तेथेही दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. कोणाचा दोष किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे आणि कर्तव्यात कसूर झाली असेल तर परिचारिका म्हणून कोणाला सूट मिळण्याचेही कारण नाही. मुद्दा निराळा आहे. कक्षातील विजेची जोडणी, आग विझविण्याची यंत्रणा, बाहेर पडण्याची वाट, एका पाळीत किती परिचारिका नेमावयाच्या याची संख्या, यांपैकी एकही गोष्ट कक्षातील परिचारिकेच्या हाती नसते. धोका दिसला म्हणून ‘हा कक्ष आज बंद ठेवा’ असे सांगण्याचा अधिकार तिला नाही. अधिकाराच्या वाटपात शेवटची, दोषाच्या वाटपात मात्र पहिल्या ओळीत, हे तिचे स्थान या घटनांनी उघडे केले.

वास्तविक, या व्यवसायाला कायद्याचा आधार नवा नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा, महाराष्ट्राचा परिचारिका अधिनियम १९६६ चा. केंद्र शासनाने १९८७ साली सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली परिचर्या व्यवसायासाठी उच्चाधिकार समिती नेमली होती. पुढे २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संसदेने केला. नोंदणी झाली, समित्या झाल्या, आयोगाचा कायदाही झाला. परंतु नोंदणीकृत परिचारिकेने स्वतःच्या सहीने काय करावे आणि ते केल्यावर तिच्या पाठीशी कोण उभे राहील, हा प्रश्न रुग्णालयाच्या उंबऱ्याबाहेरच राहिला.

याचे उत्तर शोधण्यास परदेशी जाण्याची गरज नाही. याच जिल्ह्यात जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे काम सुरू केले, तेव्हा बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकांना एकट्याने खेड्यात राहणे कठीण जाते, हे त्यांच्या ध्यानी आले. मग गावातल्याच, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. परिचारिका त्यांना शिकवू लागल्या आणि फिरत्या पथकातून गावोगाव जाऊ लागल्या. या स्त्रियांना धीर आला तो भाषणांनी नव्हे. आठवड्याच्या आठवड्याला शिक्षण मिळे, चुकले तर तेथेच दुरुस्ती होई, आणि गावाला दिसे की डॉक्टरही या बाईचे म्हणणे ऐकतात. शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रीला जे बळ मिळाले, ते तीन-चार वर्षे शास्त्र शिकलेल्या परिचारिकेला मिळू नये, याला कारण तिची कुवत नव्हे.

अर्धवट ज्ञानावर अधिकार देणे धोक्याचे, असा आक्षेप काही डॉक्टर घेतात. तो सरसकट झटकून टाकता येणार नाही. रोगनिदानाची गुंतागुंत खरीच असते. म्हणूनच गरज आहे ती मोकाट स्वातंत्र्याची नव्हे, तर लेखी स्थायी आदेशांची. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, झटके, विषबाधा, सर्पदंश अशा मोजक्या प्रसंगी परिचारिकेने कोणत्या क्रमाने काय करावे, हे वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीने भिंतीवर लागलेले असावे, आणि त्याबरहुकूम केलेल्या कृतीची जबाबदारी संस्थेने आधीच पत्करलेली असावी. रुग्ण कल्याण समितीत परिचारिकांच्या प्रतिनिधीला जागा असावी. पाळीतील मनुष्यबळ अपुरे असल्याची तिची लेखी नोंद वरिष्ठांना बांधील ठरावी. आज अशी नोंद केली तर केली. तिला उत्तर देण्याची सक्ती कोणावर नाही.

खाजगी रुग्णालयांची स्थिती याहून नाजूक आहे. तालुक्याच्या गावी चार-सहा महिन्यांचे जुजबी शिक्षण घेतलेल्या मुलींना पांढरा पोशाख चढविला की त्याही ‘सिस्टर’च होतात, मग नोंदणीकृत परिचारिकेला निराळा मान आणि निराळे वेतन कशासाठी द्यावयाचे? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने ५० खाटांहून लहान रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली. ग्रामीण महाराष्ट्रातील खाजगी रुग्णालये बहुतांशी याच आकाराची आहेत. शिफारशीची अंमलबजावणी राज्यांवर सोपविली गेली. तेव्हा अशा रुग्णालयांत नोंदणीकृत परिचारिका किती, त्यांना पगार किती, याची तपासणी प्रत्येक तालुक्यात वर्षातून एकदा तरी करून तिचा तक्ता प्रसिद्ध करणे राज्य शासनाला अवघड नाही. त्यासाठी नव्या कायद्याचीही वाट पाहावी लागणार नाही.