कोपराचे हाड मोडले : प्लास्टर की शस्त्रक्रिया?

खेळता खेळता मूल पडते, तोल सावरण्यासाठी हात टेकते आणि अंगाचा सारा भार कोपरावर येतो. पाच ते सात वर्षांच्या वयात दंडाच्या हाडाचा कोपरालगतचा भाग पातळ असतो. बहुधा तो तेथेच मोडतो. मग घरात एकच प्रश्न उभा राहतो : प्लास्टरने भागेल, की शस्त्रक्रिया करावी लागेल?

याचे उत्तर मुख्यतः हाड किती सरकले आहे, यावर ठरते. अमेरिकन अस्थिशल्यविशारद गार्टलँड यांनी १९५९ मध्ये या अस्थिभंगाचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात हाड जागचे हललेले नसते. सुमारे तीन आठवड्यांचे प्लास्टर पुरते. तिसऱ्यात दोन्ही तुकडे पूर्ण अलग होतात. तेव्हा भूल देऊन, बहुतेक वेळा कातडीला छेद न घेता, हाड बसवतात आणि बारीक तारांनी स्थिर करतात. तीन-चार आठवड्यांनी तारा काढल्या जातात.

मतभेद आहे तो दुसऱ्या प्रकाराविषयी. येथे हाड कललेले असते, पण मागची बाजू जोडलेली राहते. नुसत्या प्लास्टरने ते धरून ठेवायचे तर कोपर बरेच दुमडावे लागते आणि सुजेमुळे रक्तप्रवाह अडण्याचा धोका संभवतो. तारा घातल्यास तितके दुमडावे लागत नाही. कल थोडा असेल, तर प्लास्टर घालून एका आठवड्याने पुन्हा एक्स-रे काढणे, हाही मार्ग स्वीकारला जातो.

‘मुलांचे हाड आपोआप सरळ होते’ हा समज येथे अपुरा ठरतो. मनगटाजवळची वाकडी जुळणी वाढीबरोबर बरीच सुधारते. परंतु दंडाच्या हाडाची केवळ वीस टक्के वाढ कोपराकडून होते. आतल्या बाजूस राहिलेला कल म्हणूनच सहसा जात नाही.

खरे संकट मात्र रक्तपुरवठ्याचे. तो खुंटल्यास स्नायू निकामी होऊन हात कायमचा आखडतो, हे जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ मध्येच दाखवून दिले. म्हणून मालीश करणे वा घट्ट पट्टी बांधणे कटाक्षाने टाळावे. हात आहे त्या स्थितीत आधार देऊन मुलास रुग्णालयात न्यावे. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने वाटेत खाऊपिऊ घालू नये. प्लास्टरनंतरही बोटे थंड वा फिकी पडली, बोटे सरळ करताना असह्य कळ आली किंवा वेदना वाढतच गेली, तर सकाळची वाट न पाहता त्याच घटकेस डॉक्टरांकडे धाव घ्यावी.