घरच्या सर्व्हरला केवढा संगणक लागतो?

लग्नाच्या व्हिडिओंनी हार्ड डिस्क भरली की मनात येतं, घरातच एक सर्व्हर ठेवावा. मग वाय-फायवरून टीव्हीवरही दिसेल आणि मोबाइलवरही. दुकानात गेलं की दणकट, महागडा संगणक समोर येतो. तो बहुतेकांना लागतच नाही.

टीव्हीला फाइलची भाषा कळत असेल, तर सर्व्हर ती नुसती पुढे सरकवतो. तेवढ्याला जुना लॅपटॉपही पुरतो. कष्ट पडतात ते दुभाष्याचं काम अंगावर आलं की. व्हिडिओ आवळून साठवण्याच्या, 2013 साली आलेल्या एच.265 पद्धतीत तेच चित्र आधीच्या एच.264 पेक्षा जवळपास निम्म्या जागेत मावतं, पण जुन्या टीव्हीला ते उलगडता येत नाही. मग सर्व्हर ते उलगडतो, टीव्हीला कळेल असं पुन्हा बांधतो आणि पाठवतो, तेही सिनेमा चालू असतानाच. प्रोसेसर घामाघूम होतो तो इथं. इंटेलने 2011 पासून अनेक प्रोसेसरांत अशा कामासाठी वेगळा भागच बसवला. म्हणून आजचा हातभर जागाही न अडवणारा मिनी पीसी हे आरामात पेलतो.

लातूर-नांदेडकडे खरी काळजी विजेची आणि उन्हाची. 100 वॅटचा संगणक चोवीस तास चालला तर महिन्याला 72 युनिट. 10 वॅटचा जेमतेम 7. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बंद कपाटातली डिस्क आणखीच तापते. वीज अचानक गेली तर अर्धवट लिहिलेली फाइल बिघडू शकते. वाचलेले पैसे यूपीएस आणि दुसऱ्या प्रतीसाठीच्या डिस्कवर घाला. महागडं ग्राफिक्स कार्ड गेम खेळणाऱ्या लेकरासाठी राहू द्या.