आधी कारण शोधा, मग नारळ फोडा!

मागच्या हिवाळ्यात अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यातील साक्षीदार आजींना घेऊन तीर्थपुरीहून सकाळीच कोर्टाकडे निघालो. किल्ली फिरवली; गाडी सुरू होईना. चार माणसे जमली. एक म्हणाला, "वकीलसाहेब, आज अमावस्या. नारळ फोडा." दुसरा म्हणाला, "बॅटरी गेली, नवी टाका." पहिला अंधश्रद्धाळू, हे कुणीही सांगेल. पण दुसऱ्याने तरी पुरावा कुठे तपासला होता?

गाडीची तपासणी उलटतपासणीसारखी क्रमाने करावी. आधी कान द्या. किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक होते आणि दिवे मंदावतात, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल खराब आहे. पूर्ण भरलेली बॅटरी बंद गाडीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. 12 च्या खाली गेली की ती जवळपास रिकामी समजा. दिवे प्रखर, पण आवाज एकच 'टक्', तर संशय सेल्फवर. सेल्फ इंजिनाला जोमाने फिरवतो, तरी ते पेट घेत नाही, तर बॅटरीला निर्दोष सोडा. मग पेट्रोल गाडीला तीन प्रश्न विचारा: इंधन येते का, ठिणगी पडते का, हवा जाते का? डिझेल गाडीत ठिणगी नसतेच. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटते. म्हणून तेथे टाकी, फिल्टर, पाइपात धरलेली एअर आणि थंडीत हीटर प्लग पाहावेत.

आमच्या गाडीत नुसती टकटक होती. बॉनेट उघडले, तर टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचलेला. आधी निगेटिव्ह तार सोडवली, क्षार गरम पाण्याने घासून काढला, तारा परत घट्ट आवळल्या. गाडी सुरू झाली. खर्च शून्य. आजी वेळेवर साक्षीला उभ्या राहिल्या.

आपली कितीतरी पोरे कर्ज काढून गाडी चालवतात. गाडी एक दिवस उभी राहिली की हप्ता चुकतो. वर अंदाजाने बदललेल्या सामानाचे बिल त्यांच्याच माथी. "आधी तपासा, मग बदला," असे ठणकावून सांगण्याइतके ज्ञान प्रत्येक गाडीवाल्याकडे हवेच.

तथागत दुःख आहे एवढे सांगून थांबले नाहीत. दुःखाला कारण असते आणि ते दूर करता येते, हेही त्यांनी दाखवले. विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन वाढवणे हे संविधानाच्या कलम 51-क नुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. बांधवांनो, बॉनेटवरचे लिंबू-मिरची काढून बॉनेटच्या आत डोकावणे, ही त्या कर्तव्याची सुरुवात आहे!