पोटाच्या टोकाशी दडलेली ओळख

भातखाचराच्या बांधावरचा दगड उलटला किंवा रानातली कुजकी फांदी हलवली, की एखादा सडपातळ किडा पोटाचं टोक विंचवासारखं वर करून पळत सुटतो. पंखांची कठीण आवरणं इतकी आखूड, की जवळजवळ सगळं पोट उघडंच राहतं. त्यामुळे हा भुंगेरा आहे, हे चटकन पटत नाही. हे रोव्ह बीटल, म्हणजे स्टॅफिलिनिडी कुळातले भुंगेरे. जगभरात त्यांच्या ६०,००० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. एकट्या स्टेनस या प्रजातीत ३,००० हून अधिक जाती आहेत.

एवढ्या गर्दीतून दोन जवळच्या जाती वेगळ्या काढायच्या कशा? काही प्रजाती बाहेरूनच बरंच सांगतात. फिलॉन्थसच्या छातीवरच्या चकचकीत ढालीवर बारीक खळग्यांच्या दोन ओळी असतात. एका ओळीत खळगे तीन, चार की पाच, हे मोजलं की निम्मी शक्यता बाद होते. पण अथेटा या प्रजातीपाशी आलं, की ही सोय संपते. दोन-तीन मिलिमीटरचे, तपकिरी-काळे, अंगावर बारीक लव असलेले हे किडे शेजारी शेजारी ठेवले, तर सरावलेल्या नजरेलाही एकच वाटतात. तिथे आतच पाहावं लागतं.

लेओं द्यूफूर या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८४४ मध्ये नर-मादीच्या जननेंद्रियांना कुलूप-किल्लीची जोडी मानलं होतं. ती उपपत्ती आज फारशी टिकलेली नाही. त्यामागचं निरीक्षण मात्र टिकलं: बाह्य रूप सारखंच असलेल्या दोन जातींतही नराचं इंद्रिय वेगळं घडलेलं असतं. शार्प आणि म्यूर यांनी १९१२ मध्ये भुंगेऱ्यांच्या नरेंद्रियांचा मोठा तुलनात्मक अभ्यास छापला आणि पुढे जाती ओळखण्याचा तो हमरस्ताच झाला.

हे काम हाताचं आहे. वाळलेला किडा कोमट पाण्यात ठेवून मऊ करायचा. सूक्ष्मदर्शकाखाली एका बारीक टाचणीने तो धरायचा, दुसरीच्या वाकवलेल्या टोकाने पोटाच्या शेवटच्या खंडांतून इंद्रिय अलगद ओढून काढायचं. स्नायू-चरबी विरघळवायला पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असतं. त्यात जास्त वेळ राहिलं तर पातळ पापुद्रे विरतात. मग ते पारदर्शक चिकट माध्यमात बसवायचं आणि किड्याच्याच टाचणीला, त्याच्या खाली लावायचं, म्हणजे ताटातूट होत नाही.

खरी परीक्षा पाहण्यात आहे. इंद्रिय किंचित कलंडलं, तरी टोकाचा आकडा बोथट दिसतो आणि एकाच जातीच्या दोन किड्यांना दोन नावं मिळतात. इंद्रियातली पिशवी बाहेर उलटली असेल, तर छापील वर्णनातल्या चित्राशी मेळ बसत नाही. नुकत्याच कोशातून निघालेल्या किड्याचं अंग कोवळं असतं, ते वाळताना आकसतं. म्हणून एकाच नमुन्यावर निकाल देऊ नये. बाजूने आणि समोरून, दोन्ही रेखाटनं हवीत. अथेटाच्या मादीत शुक्रजंतू साठवणारी छोटी वळणदार नळी असते, तिचं वळण कामी येतं. काही जवळच्या जातींत तेही पुरत नाही. तेव्हा चिठ्ठीवर फक्त प्रजातीचं नाव लिहून थांबणं मला अर्धवट वाटत नाही. चुकीचं नाव पुढच्या प्रत्येक यादीत उतरत जातं.

आपल्याकडच्या रोव्ह बीटलांचा पाया माल्कम कॅमेरन यांनी घातला. ब्रिटिश नौदलातले हे डॉक्टर पुढे देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत कीटकांच्या वर्गीकरणाचं काम करत होते. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतले त्यांचे चार खंड १९३० ते १९३९ या काळात निघाले. इतकं काम एका माणसाने करावं, याचं मला आजही नवल वाटतं. पण त्यांची वर्णनं मुख्यतः रंग, खळगे, शृंगिका यांवर उभी आहेत. त्यामुळे एखाद्या नावाची खात्री करायची, तर ज्या नमुन्यावरून ते नाव दिलं गेलं, तोच उघडून पाहावा लागतो, आणि कॅमेरन यांचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

ही खात्री शेताशी आणि दवाखान्याशीही जोडलेली आहे. पिडेरस हा केशरी-काळा, निळसर झाक असलेला किडा भातातले तुडतुडे खातो. तोच रात्री दिव्याकडे येतो आणि अंगावर चिरडला गेला, तर त्याच्या रक्तद्रवातल्या पिडेरिनमुळे कातडीवर फोड उठतात. हे विष मुळात मादीच्या शरीरात राहणारा जिवाणू बनवतो. ती ते अंड्यांत उतरवते आणि त्यामुळे पुढच्या पिढीला काही भक्षकांपासून संरक्षण मिळतं. पण हाच रंगसंच पिडेरसच्या अनेक जातींचा आहे. रंग पाहून सरसकट ‘पिडेरस फ्युसिपीस’ लिहिलं, तर शेतात नेमकं कोण राबतंय आणि पुरळ कोण उठवतंय, हे कळत नाही.

आता डीएनए बारकोड आले आहेत. २००३ पासून रुळलेल्या या पद्धतीत एका जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचतात. नर-मादीची जोडी जुळवायला तिचा फार उपयोग होतो. पण त्या तुकड्याला जातीचं नाव लावायला आधी नीट ओळखलेला किडा लागतोच. सुदैवाने दोन्ही कामं एकत्र साधतात: पोट हायड्रॉक्साइडऐवजी प्रथिनं पचवणाऱ्या विकराच्या द्रावणात ठेवलं, तर डीएनए द्रावणात उतरतो आणि स्वच्छ झालेलं इंद्रिय मागे राहतं. कॅमेरन यांनी ज्या ठिकाणांहून जाती वर्णिल्या, तिथून ताजे नर गोळा करून हे करता येईल, आणि आज भारतीय जातींसाठी सर्वांत आधी तेच करायला हवं.