वारीच्या ट्रॉलीला बाहेरून काय लावावं?

संत नामदेव महाराजांचं नर्सी आपल्याच हिंगोली तालुक्यात. त्यामुळे आषाढी जवळ आली की आपल्याकडे पंढरीच्या वाटेची तयारी सुरू होते. दिंडीतली माणसं पायी चालतात. अंथरूण, शिधा, भांडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. मुक्कामाला म्हाताऱ्या बायका त्याच ट्रॉलीत आडव्या होतात. म्हणून अँगलचा सांगाडा करून वर प्लायवूडची खोली बांधतात. या खोलीला बाहेरून काय लावावं, हे आज सांगतो.

आधी आमची फजिती. पहिल्या वर्षी गटाच्या पैशातून साधा प्लाय आणला, वर निळ्या ऑइलपेंटचा एकच हात मारला. दिसायला झकास! तिसऱ्या मुक्कामाला रात्रभर पाऊस लागला. सकाळी पाहतो तर प्लायच्या खालच्या कडा फुगलेल्या, पापुद्रे सुटलेले, गोधड्या ओल्या, पिठाचे गोळे. दोन आज्यांनी रात्र बसून काढली. त्यातली एक तापानं फणफणली आणि अर्ध्या वाटेवरून एसटीनं माघारी आली. तिची ती वारी हुकली ती आमच्यामुळं, हे अजून मनात आहे.

नंतर सुताराला विचारलं तेव्हा कळलं, पाणी रंगातून आत आलंच नव्हतं. ते शिरलं कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून. प्लायची कड म्हणजे कापलेला ऊस समजा, तिथून तो पाणी ओढतो. म्हणून आधी कडा, मग रंग. कापलेल्या प्रत्येक कडेला, खालून दिसत नाही तिथंही, प्रायमर पाजायचा. कड पिते तोवर पाजायचा.

प्लाय घेताना शिक्का वाचा. आयएस ७१० लिहिलेला प्लाय पाण्याला टिकतो. महाग पडतो, पण स्वस्तातला दोनदा घ्यावा लागतो. पॉलिश पेपरनं घासून प्रायमर, मग एनॅमल रंगाचे दोन हात, मध्ये एक दिवस वाळू द्यायचं. भिंतीची पांढरी पुट्टी लाकडावर अजिबात नको. ट्रॉली खड्ड्यात आदळली की ती तडकते. सांध्यांना रबरासारखा ताणणारा सीलंट हवा. सिलिकॉन भरणार असाल तर रंगानंतर भरा, कारण त्यावर रंग धरत नाही. हे काम चैत्र-वैशाखातच उरका, पण सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर. भर दुपारी तापलेल्या प्लायवर रंग मारला तर फोड येतात.

दुसरा पर्याय रंगीत पत्र्याचा. आमचं मत विचाराल तर छताला पत्राच बरा. स्क्रूखाली रबरी वायसर घाला आणि स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, पन्हाळीत नको. भिंतीला पत्रा लावताना एक गोष्ट घरापेक्षा वेगळी आहे. घर जागेवर असतं, ट्रॉली पळते आणि वारा-पाऊस समोरून घुसतो. म्हणून पुढचा पत्रा मागच्यावर चढवायचा, उलटा नाही. पत्र्याच्या कडा दुमडून घ्या, लेकरांचे हात कापतात. उन्हात पत्रा तापतो, तेव्हा रंग पांढराच घ्या. निळ्याचा मोह आम्ही सोडला.

काही जणी जुनं फ्लेक्स ठोकतात. एका वारीपुरतं ठीक, पण खिळ्यापाशी फाटतं आणि त्याच्या मागं ओल कोंडून प्लाय आतून कुजतो. ताडपत्री वर टाकायची तर दोरीनं बांधा, खिळा मारू नका. आणि खोली कितीही घट्ट केली तरी दोन्ही बाजूंना छताखाली जाळीची झडप ठेवा. आठ बायकांच्या श्वासानंच रात्री आतून पाणी गळतं. गॅसची टाकी आत ठेवून झोपायचं नाही. मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर झाकू नका.

निघायच्या आठ दिवस आधी मोटारीच्या पाइपानं ट्रॉलीवर पाणी मारा. एकीनं आत बॅटरी घेऊन बसायचं, बाहेरचीनं आधी खालून, मग हळूहळू वर पाणी न्यायचं. जिथं थेंब दिसेल तिथं आतून खडूनं खूण करायची. गेल्या साली आम्हाला अकरा खुणा सापडल्या, त्यातल्या नऊ स्क्रूच्या भोकांच्या होत्या.