दिवेलागणीला ‘मर, मर’!

परवाचीच गोष्ट. तिन्हीसांजेची वेळ. पुण्याहून आलेल्या आमच्या आत्या देवापुढे निरांजन लावून माळ ओढीत बसल्या होत्या. तोच माजघरातून आमच्या चिरंजीवांचा खणखणीत आवाज आला, “मर... मर... मर...”

आत्यांची माळ थांबली. “मेल्या, दिवेलागणीला कुणाला मर म्हणतोस?” (‘मेल्या’ चालते, ‘मर’ चालत नाही, हे पुण्याचे व्याकरण!) दुसरीतले चिरंजीव शांतपणे म्हणाले, “झाडाला!”

कन्नडमध्ये ‘मर’ म्हणजे झाड. बाईंनी शब्द पाठ करायला दिले होते. आत्यांना हे पटायला वेळ लागला. शेवटी त्याच म्हणाल्या, “म्हण बाबा. वाल्या कोळ्यालाही असंच म्हणता म्हणता राम सापडला.”

आम्ही शहापूरचे. घरात मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी आणि दुकानाच्या पाटीवर इंग्रजी. पोरे मराठी शाळेत जातात. कर्नाटकाच्या २०१५ सालच्या कायद्याने कन्नड शिकणे पहिलीपासून सक्तीचे झाले. त्यावर मोठी माणसे काय वाद घालतात ते वाचकांना ठाऊकच आहे. पण घरात या कायद्याची अंमलबजावणी कशी होते, ते कुणी लिहीत नाही.

पहिल्याच महिन्यात चिरंजीव रुसून घरी आले. “बाई मला हाड म्हणाल्या.” मी तावातावाने चप्पल पायात सरकवली. थोरली सहावीत आहे, तिने वेळीच अडवले. “ओ पप्पा, ‘हाडु’ म्हणजे गाणं म्हण. तो म्हणाला नाही म्हणून त्या परत परत सांगत असणार की!” मी चप्पल काढली.

पुढे एकदा थोरली वाक्प्रचार पाठ करीत होती, ‘मूग गिळून बसणे’. धाकटा विचारात पडला. कन्नडमध्ये ‘मूगु’ म्हणजे नाक. थोड्या वेळाने पाहतो तो स्वारी आरशासमोर उभी राहून नाकाचा शेंडा ओठात धरायचा प्रयत्न करीत आहे!

पण खरी गंमत झाली ती अनुस्वाराची. आपण अक्षराच्या डोक्यावर टिंब देतो. कन्नडमध्ये तसे नाही, तिथे अक्षराच्या पुढे शून्यासारखे वाटोळे काढतात. चिरंजीवांनी मराठीच्या वहीत ‘आ’, मग शून्य, मग ‘बा’ असा आंबा लिहिला. मराठीच्या बाईंनी लाल रेघ मारली. त्याने धडा घेतला आणि कन्नडच्या वहीत डोक्यावर टिंब दिले. तिथेही लाल रेघ! मग त्याने स्वतःच तोड काढली. दोन्ही वह्यांत वर टिंबही आणि पुढे शून्यही. “आता दोन्ही बाई खूश होतील,” म्हणाला. दोघींनीही मार्क कापला.

आम्ही पोट धरून हसलो. हसून झाल्यावर सौ. म्हणाली, “शेजारच्यांचं बरं. पोराला इंग्रजी शाळेत घातलं, तिथं मराठीच नाही. ना टिंब, ना घोळ.” ते खरेच. तो मुलगा मराठी झकास बोलतो. पण त्याचे आजोबा सकाळी पेपर वाचतात, तेव्हा तो शेजारी बसून नुसती चित्रे पाहतो. मला तर आमचा टिंबाचा गुंता परवडला. मी धाकट्याशी करार केला, या पेपरातला एक मथळा वाचला की एक रुपया. आठवड्याभरात गडी शहाणा झाला. आता तो नेमके दोन शब्दांचे मथळे शोधतो. अग्रलेखाचा भाव वाढवून मागतो आहे.

आत्यांना मात्र काळजी. थोरली “मी शाळेला जातो” म्हणाली की त्या “जाते म्हण गं” म्हणतात. धाकटा “अभ्यास करालोय” म्हणाला की कपाळाला हात लावतात. मी त्यांना द. रा. बेंद्र्यांचे उदाहरण दिले. घरात मराठी बोलणारे धारवाडचे कवी, पण लिहिले कन्नडमध्ये आणि १९७३ सालचे ज्ञानपीठ मिळवले. आत्या म्हणाल्या, “त्यांना टिंब कुठं द्यायचं ते ठाऊक असणार.” यावर मी काय बोलणार?

त्यांच्या मुक्कामात चार वेळा अळूची भाजी झाली. परसातला अळू संपला तेव्हा त्या जायला निघाल्या. मध्यवर्ती बसस्थानकावर पुण्याची गाडी लागली आणि त्यांचे डोळे भरून आले. धाकट्याने त्यांचा पदर ओढला. “आत्याआजी, अळबेडा.”

“आज कुठं रे अळू? आज तर पिठलं होतं!”

“अगं आजी, रडू नको म्हणतोय तो,” थोरली म्हणाली.

आत्या रडता रडता हसू लागल्या. गाडी हलली तेव्हा धाकटा माझ्या पाठीमागे तोंड लपवून उभा होता, आणि खिडकीतून हात हलवीत आत्याच ओरडत होत्या, “अळबेडा रे, अळबेडा!”